चवीला रकाना नाही

पोतनीस त्याला बरीटो म्हणायचे, बरणीतला ब.
मी दोनदा सुधारलं, मग सोडून दिलं.
छत्तीस वर्षं पार्सल खात्यात काढलेला माणूस
कुठल्याही वस्तूकडे आधी
ती बांधलीय कशी, एवढंच बघतो.

शनिवारी सकाळी, माझं चष्म्याचं दुकान उघडायच्या आधी,
ते, मी आणि त्यांची लांबोडी वही.
रेघा त्यांनीच आखलेल्या :
दुकान, दर, वजन, घडी, गळती.

हिल रोडच्या मागे, पूर्वी गॅरेज होतं तिथल्या कॅफेत
तीनशे ऐंशी रुपये, लाकडी फळीवर.
आत अंडं, राजमा, आंबट साय,
चटणी म्हणावी तर चटणी नव्हे असं काही हिरवं,
आणि भात.
"पोळीत भात?" पोतनीस थबकले.
"आधी पोळी, मग भात. मधे माणूस पाणी पितो,
दोन शब्द बोलतो.
यांनी अख्खी पंगत एका लिफाफ्यात कोंबली!"
शेरा : बूड उघडं. मी असतो तर खिडकीवरूनच परत केलं असतं.

खारला नाचणीचा. पौष्टिक.
मधोमध तडकलेला, जसा उन्हाळ्यात ओटा.
शेरा : घडीवर फाटले.

माहीमला बेकरीशेजारी सादियाबाई
रुमाली रोटीत खिमा आणि वर अंडं फोडून देतात.
पहिल्या घासाला मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा पोतनीसांच्या मनगटावरून
तूप कोपराकडे निघालं होतं,
आणि ते टेबलाखाली हात नेऊन
रुमालानं पुसत होते, पुसतच होते.
सीकेपी घरातला माणूस, खिमा अर्धा टाकतो?
शेरा : गळती. फार.
"पण चव, पोतनीस?"
"चवीला रकाना नाही."

मग कलिन्याला मर्विनची गाडी.
साधी चपाती, बॉटल मसाल्यातली भुर्जी, बटाटा.
सत्तर रुपये.
आधी दोन्ही कडा आत, मग गुंडाळी,
मग कागद, मग कागदाला खालून पीळ.
"कुठे शिकलास?" पोतनीसांचा आवाज एकदम खात्यातला.
"धाकट्या बहिणीला दुपट्यात बांधायचो, अंकल.
लाथा मारायची फार."
त्या दिवशी त्यांनी शेवटच्या टोकापर्यंत खाल्लं,
दोन्ही मुठींत धरून,
आणि शेरा दोनदा गिरवला : गळती नाही.

नंतरचे चार शनिवार आम्ही कुठे गेलोच नाही दुसरीकडे.
मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला.

पाचव्या शनिवारी गाडी बंद. मर्विनच्या घरी लग्न.
समोरच्या उडप्याकडे बसलो
आणि मी, न विचारता, दोन उपमा सांगितले.

चमचा बशीतून निघाला तेव्हा भरलेला होता.
तोंडाशी पोचला तेव्हा त्यात
एक कढीपत्त्याचं पान होतं.
बाकीचं सदऱ्यावर, मांडीवर, वहीवर.
पोऱ्या फडकं घेऊन आला, थांबला, परत गेला.
आम्ही दोघंही भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो,
त्यावर महिना मागचाच होता.

सोसायटीच्या पूजेला पोह्यांची बशी पुढे आली की
"आज उपास आहे" म्हणायचे.
सोमवारी म्हणाले. बुधवारीही.
चष्मे विकते मी. लोकांना
जवळचं नीट दिसावं म्हणून.

एक साधा डोसा मागवला.
त्यात उरलेला उपमा घातला,
दोन्ही कडा आत घेतल्या, गुंडाळलं,
कागदी रुमालाला खालून पीळ दिला
आणि त्यांच्या हातात दाबून धरला,
थरथर माझ्या बोटांत येईपर्यंत.

सावकाश खाल्लं त्यांनी. मग वही झटकली,
रवा पडला, पेन काढलं.
आजवर ज्याला मी सरकारी अक्षर समजत होते
त्या अक्षरात लिहिलं :
दुकान, तुमचं. दर, लावला नाही.
घडी, सैल. सराव हवा.

चहा आला. थोडा निवू दिला.
मग पोऱ्याला हाक मारून,
सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशी,
पोतनीसांनी स्ट्रॉ मागितली.